रॉकेट हवेला ढकलून उडत नाही: एका फिरत्या दाव्याला उत्तर

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. रॉकेट मागच्या हवेला रेटून पुढे जातं, अवकाशात हवा नाही, म्हणून तिथे ते हलूच शकत नाही. तिथे ऑक्सिजन नाही, म्हणून आगही पेटणार नाही. पोकळीत सोडलेला वायू काहीच काम करत नाही, असं भौतिकशास्त्रच सांगतं. आणि श्रीहरिकोट्याहून सुटलेलं रॉकेट वाकून समुद्राकडे जाताना दिसतंच. म्हणून चांद्रयान आणि मंगळयान खोटं, असा शेवट. शाळकरी मुलं हे घेऊन शिक्षकांकडे जातात आणि बऱ्याचदा ‘असं काही नसतं’ एवढंच ऐकून परत येतात. त्यांना नीट उत्तर मिळायला हवं.

हवेला रेटण्याचा मुद्दा आधी घेऊ, कारण बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे. विहिरीवरची मोटर सुरू झाली की पाइपाचं तोंड धरून उभ्या असलेल्या माणसाला मागे रेटा बसतो. पाणी समोरच्या बांधावर आदळतं म्हणून तो बसत नाही. पाणी तोंडातून वेगाने सुटतं त्याच क्षणी बसतो. रॉकेटचा हिशोबही असाच आहे: दर सेकंदाला किती किलो वस्तुमान बाहेर गेलं, गुणिले ते किती वेगाने गेलं. या गुणाकारात बाहेरच्या हवेची घनता कुठेच येत नाही.

हे शाळेच्या मैदानावर किंवा कापूस उपटलेल्या मोकळ्या शेतात मोजून बघता येतं. शीतपेयाची २ लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, पुठ्ठ्याचे तीन पंख चिकटवा, रबरी बुचात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवा आणि दाबमापक असलेल्या पंपाने ४० पीएसआय (दाबमापकावरचं दाबाचं एकक) दाब भरा. एकदा नुसत्या हवेवर सोडा, एकदा सुमारे ६५० मिली पाणी घालून. नुसत्या हवेची बाटली थोडी उडी मारून पडते. पाण्याची कितीतरी उंच जाते. बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास सुमारे २२ मिलिमीटर असतो. ४० पीएसआयला पाणी सेकंदाला २३ मीटरच्या आसपास वेगाने सुटतं आणि सुरुवातीचा रेटा सुमारे २० किलो वजनाइतका भरतो. सगळं पाणी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास संपतं.

चुका ठरलेल्या असतात. नुसतं दाबून बसवलेलं बूच दर वेळी वेगळ्या दाबाला निसटतं, मग दोन उड्डाणांची तुलनाच खोटी ठरते; म्हणून बाटलीची मान खिळीने अडवा आणि दोरीने खिळी ओढा. पाणी निम्म्याहून जास्त झालं तर ते पुरतं बाहेर फेकायला हवा कमी पडते आणि उरलेलं वजन बाटली वाहून नेते. पंख वाकडे असले की बाटली आडवी धावते. चरे पडलेली किंवा उन्हात तापलेली बाटली फुटू शकते, म्हणून खानदेशातल्या उन्हाळ्यात हा प्रयोग सकाळीच करावा आणि दोरी निदान ५ मीटर लांब ठेवावी. काचेची किंवा धातूची बाटली कधीही वापरू नये.

यावर कोणी म्हणेल की पाणी हवेला जास्त जोराने रेटतं, म्हणून बाटली उंच गेली. हरकत रास्त आहे. हवेत केलेला प्रयोग तिचा निकाल लावू शकत नाही, तो पोकळीतच लागतो. आणि तो शंभर वर्षांपूर्वीच लागला आहे. अमेरिकेतल्या क्लार्क विद्यापीठात रॉबर्ट गॉडर्ड यांनी हवा काढून घेतलेल्या नळ्यांत छोटी रॉकेट पेटवून रेटा मोजला. तो कमी झाला नाही, उलट वाढला. हे निष्कर्ष १९१९ च्या त्यांच्या अहवालात छापले गेले. तरीही १३ जानेवारी १९२० च्या ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने अग्रलेखात त्यांना शाळेत शिकवलं जाणारं विज्ञानही कळत नाही, असं सुनावलं. अपोलो ११ चंद्राकडे निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ ला, त्या वर्तमानपत्राने दुरुस्ती छापली. आजचा फिरता मजकूर म्हणजे त्या अग्रलेखाचाच आक्षेप आहे.

रेटा वाढतो, कारण हवा नोझलच्या, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या भोंग्यासारख्या नळीच्या, तोंडावर बाहेरून उलटा दाब देते. स्पेस शटलचं आरएस-२५ इंजिन समुद्रसपाटीला सुमारे १,८६० किलोन्यूटन रेटा द्यायचं आणि पोकळीत सुमारे २,२७९. हवा असते तिथे रॉकेटचं नुकसानच होतं.

‘पोकळीत वायू काम करत नाही’ हा मुद्दा सगळ्यात फसवा, कारण त्याच्या मुळाशी खरा प्रयोग आहे. इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स जूल यांनी वायूने भरलेलं भांडं आणि रिकामं केलेलं भांडं तोटीने जोडलं. तोटी उघडल्यावर वायू दोन्हींत पसरला आणि बाहेर काही काम झालं नाही. खरं आहे. पण तिथे दोन्ही भांडी बंद आणि एकमेकांना जोडलेली होती. वायू सुटताना पहिल्या भांड्याला बसलेला रेटा आणि दुसऱ्याच्या भिंतीवर आदळताना बसलेला रेटा एकमेकांत फिटले. दुसरं भांडं काढून टाका, पहिलं चाकांवर ठेवा, मग काय होतं ते पाहा. रॉकेटचा ज्वलनकक्ष पुढून बंद आणि मागून उघडा असतो. आतला दाब पुढच्या भिंतीला रेटतो, मागे त्याला तोलायला भिंतच नसते. मागे रुंद होत जाणारं नोझल वायूतली उष्णता वेगात बदलतं, आणि पसरणारा वायू नोझलच्या भिंतींनाही पुढे ढकलतो. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्याचं ‘विकास’ नावाचं इंजिन पेटतं तेव्हा यान ५० किलोमीटरच्या वर असतं. तिथली हवा जमिनीवरच्या हवेच्या हजाराव्या भागाहूनही विरळ, तरी ते इंजिन सुमारे ८० टनांचा रेटा देतं.

ऑक्सिजनचं उत्तर छोटं आहे: रॉकेट तो सोबत नेतं. दिवाळीच्या रॉकेटातली दारू घट्ट ठासलेल्या नळीत, बाहेरची हवा आत न येता जळते, कारण तिच्यातला सोरा ऑक्सिजन पुरवतो. जुन्या बंदुकीच्या दारूत सुमारे ७५ टक्के सोराच असे. इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनाच्या) टप्प्यात सुमारे २८ टन इंधनद्रव्य भरतात. त्यातले जवळपास २३ टन उणे १८३ अंशांवरचा द्रव ऑक्सिजन असतो आणि बाकीचा द्रव हायड्रोजन.

रॉकेट वाकतं हे मात्र अगदी बरोबर दिसतं. ते मुद्दाम वाकवलेलं असतं. सरळ वर गेलेलं रॉकेट परत खाली येतं. केरळातल्या थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ ला सुटलेलं पहिलं रॉकेट याच जातीचं होतं. पृथ्वीभोवती फिरत राहायचं तर सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटरचा वेग लागतो, आणि तोही आडवा. म्हणून उंची गाठता गाठता यान आडवं होत जातं. समुद्रात पडतात ते रिकामे झालेले खालचे टप्पे, आणि त्यासाठीच किनारा निवडलेला आहे.

मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं. २४ सप्टेंबर २०१४ ला, हवेचा मागमूस नसलेल्या जागी, त्याचं ४४० न्यूटनचं मुख्य इंजिन आणि आठ छोटी इंजिनं सुमारे २३ मिनिटं चालली. जवळपास २५० किलो इंधन खर्च झालं आणि यानाचा वेग सेकंदाला १,०९९ मीटरने घटला. इंजिन चाललं नसतं तर यान मंगळाला ओलांडून पुढे निघून गेलं असतं.

ज्यांना इस्रोचे आकडेही मान्य नाहीत, त्यांनी चोपडा किंवा यावलहून निरभ्र संध्याकाळी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जाताना पाहावं. त्याच्या वेळा आधी जाहीर होतात, दुर्बीण लागत नाही. न लुकलुकणारा ठळक ठिपका काही मिनिटांत आभाळ ओलांडतो आणि अनेकदा मध्येच पृथ्वीच्या सावलीत शिरून विझतो. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे. तिथल्या अतिविरळ हवेच्या घर्षणाने ते हळूहळू खाली येत राहतं, आणि अधूनमधून त्याला जोडलेल्या यानांची रॉकेट इंजिनं पेटवून ते पुन्हा वर उचलावं लागतं.