टेम्पो कितीवर ठेवू?

आमच्या घरात टेम्पो दोन. एक पडवीसमोर उभा असतो. त्याचं मागचं फाळकं सुतळीनं बांधलेलं आहे, आणि मांडवाचे पाइप, बेस, टॉप, ॲम्प्ली आणि वर बसलेली चार पोरं घेऊन तो देवगड तालुकाभर फिरतो. दुसरा, गाण्याच्या वेगाचा, लॅपटॉपच्या पडद्यावर असतो, तो टक्क्यांत मोजतात. गेल्या जूनमध्ये पडवीत बसून मी एक शिकवणीचा व्हिडिओ बघत होतो आणि स्वतःशीच मोठ्यानं म्हणालो, "हां, म्हणजे टेम्पो चार टक्के मागे घ्यायचा." बाबा खुंटीवरची चावी घेऊन उतरले आणि भर पावसात टेम्पो माडापर्यंत मागे घेऊन आले. काचेतून डोकं बाहेर काढून त्यांनी विचारलं, "आजून मागे घेव?"

धंदा बाबांचा, मंडप आणि साऊंडचा. त्यात मी डीजे झालो, असं मी म्हणतो. गावात तसं कुणी म्हणत नाही, कारण आमच्याकडे डीजे म्हणजे माणूस नव्हे, स्पीकरची भिंत. फोनवर लोक विचारतात, "डीजे किती फुटांचो?" मी पाच फूट सहा इंच आहे, पण ते कुणाला नको असतं.

बाबांकडे आधी कर्णे होते, मग दोन कॅसेट डेक आले. ब्राँक्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ ला कूल हर्क नावाच्या पोरानं दोन टर्नटेबलांवर खेळ करून दाखवला आणि तिथून हे सगळं सुरू झालं असं मानतात, हे मी बाबांना मोठ्या अभिमानानं सांगितलं. त्यांनी विडी विझवली. "डबलबारी काय वेगळी असता? दोन बुवा, दोन पेट्यो, दोन पखवाज. एकाची बारी सरली काय दुसरो उचलता." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. डबलबारीत क्रॉसफेडरचं, म्हणजे एक गाणं उतरवून दुसरं चढवणाऱ्या पट्टीचं, काम प्रेक्षक करतो, एवढाच फरक.

सॉफ्टवेअर बदलायची वेळ मे महिन्यातल्या एका हळदीनं आणली. माझ्याकडे एक फुकटातलं होतं, नाव सांगत नाही. ते नुसत्या माउसवर दिवसभर चालायचं. कंट्रोलर, म्हणजे बटणांची पेटी, जोडला की मात्र दहा मिनिटं हात चालू देऊन मग पैसे मागायचं. ही अट बारीक अक्षरात होती आणि माझा चष्मा घरी होता. नवरा एका गालानं पिवळा झाला असताना माझी सगळी बटणं मेली. मी पुढची दोन मिनिटं बटणं दाबण्याचा अभिनय केला. माझ्या पाहण्यात माझ्या डीजेगिरीचं कौतुक झालं ते तेवढ्याच दोन मिनिटांत.

तेव्हा ठरवलं, पावसाळ्यात लग्नं नसतात, निवांत बघून एक पक्कं सॉफ्टवेअर निवडायचं. मुदत गणपतीपर्यंत. निवांत बघणं या गोष्टीबद्दल माझ्या काही भाबड्या कल्पना होत्या.

पहिला सल्ला परळच्या चुलतभावाचा. तुतारी एक्स्प्रेसनं तो कणकवलीला उतरला आणि घरी पोहोचेपर्यंत सेराटोशिवाय दुसरं बोलला नाही. सेराटो ऑकलंडचं. मुळात गाण्याचा सूर न बदलता लय कमी-जास्त करण्याचं कसब त्यांचं, आणि २००४ पासून खऱ्या रेकॉर्डवर हात ठेवून लॅपटॉपमधलं गाणं खरवडायची सोय. भाऊ खरवडतो छान. आईला वाटलं नारळ खवतोय.

दुसरा म्हापशाचा मित्र, किनाऱ्यावरच्या क्लबात वाजवतो. त्याचं रेकॉर्डबॉक्स. घरी बसून गाणी तयार करायची, खुणा लावायच्या, पेनड्राइव्हमध्ये भरायची. क्लबात प्लेअर मांडलेलेच असतात, पेनड्राइव्ह खुपसला की सगळ्या खुणा जागच्या जागी. माणूस खिशात हात घालून कामावर जातो! मी लग्नघरी पोहोचतो तेव्हा तिथे चार वासे आणि एक प्लग असतो, आणि त्या प्लगात पाण्याचा पंप लावलेला असतो.

पुण्याचा भाचेजावई बर्लिनच्या ट्रॅक्टरवर. हे नाव काढताच बाबांचे डोळे चमकले, पण नांगरणीशी त्याचा संबंध नाही हे कळल्यावर ते उठून गेले. जावई चार डेकवर एकच सूर सव्वा तास गिरवत नेतो आणि माणसं डोळे मिटून नाचतात. आमच्या मांडवात डोळे मिटलेला माणूस दिसला तर त्याला लिंबूपाणी देतात.

कुडाळच्या बाजारातल्या एका साऊंडवाल्यानं व्हर्च्युअलडीजे सांगितलं: कराओके, व्हिडिओ, सगळं त्यात. तो स्वतः निम्मा वेळ कराओकेच करतो. आणि एकानं विचारलं, "तुझो कंट्रोलर खयचो?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मगे इचारतंस कित्याक?" कंट्रोलर विकत घेतानाच त्याची एखाद्या सॉफ्टवेअरशी सोयरीक झालेली असते, बॉक्सवर लिहिलेलं असतं. माझा कंट्रोलर जुना घेतलेला, बॉक्सशिवाय. म्हणजे घटस्फोटित.

मग मी सगळीच उतरवून घेतली. पडवीत नेटवर्कची एक काडी येते, तीही शेवग्याच्या बाजूला. जुलैचा पहिला आठवडा मी शेवग्याखाली छत्री धरून काढला.

आता खरी अडचण सांगतो. ही सॉफ्टवेअरं गाणं आत घेतलं की त्याचे ठोके मोजतात आणि त्यावर रेघा आखतात, वहीच्या पानावर आखतात तशा. रेघा सारख्या अंतरावर असल्या की दोन गाणी एकमेकांवर बसवता येतात. यंत्रावर केलेल्या गाण्यात हे सोपं आहे. पण माझा निम्मा माल म्हणजे गजर, फुगड्या, आणि कुणाच्या तरी मामानं मोबाइलवर टिपलेली भजनं. फुगडीला एका सॉफ्टवेअरनं मिनिटाला ८५ ठोके सांगितले, दुसऱ्यानं १७०. दोघांचं आपापल्या जागी बरोबर होतं, एकानं पाय मोजले, दुसऱ्यानं टाळ्या. गजराचं तर विचारू नका. बुवा ८४ ला सुरुवात करतात, घसा साफ झाला की शंभरावर, पखवाजवाला पेटला की दीडशेच्या पुढे. यात सारख्या रेघा आखणं म्हणजे भरतीच्या लाटांना फूटपट्टी लावणं.

यावर उपाय निघालेले आहेत, नाही असं नाही. रेकॉर्डबॉक्समध्ये ठोके मोजायची 'डायनॅमिक' पद्धत आहे, ट्रॅक्टरनं २०२४ च्या चौथ्या आवृत्तीत लवचीक रेघा आणल्या, मिक्स नावाच्या आणखी एका सॉफ्टवेअरमध्ये 'लय सारखीच आहे असं समजा' ही खूण काढून टाकता येते. मी काढली. रेघा बुवांच्या मागे धावू लागल्या. खूश होऊन मी शेजारच्या डेकवर एक कोळीगीत लावलं आणि दोन्हींची लय जुळवणारं सिंकचं बटण दाबलं. आता बुवा म्होरके, कोळीगीत त्यांच्या मागे. बुवा चढले तसं कोळीगीतही चढलं. दीडशेच्या वर त्या होडीला इंजिन लागलं आणि ती सरळ मस्कतच्या दिशेनं गेली. आई आतून म्हणाली, "तेंका पाणी तरी पिऊक दी."

मध्येच चार दिवस मला लेटन्सीचं वेड लागलं. बटण दाबल्यापासून आवाज यायला लागणारा वेळ. सगळे सांगतात, बफर (वाजण्याआधी आवाज साठवायची जागा) कमी ठेव. माझ्या लॅपटॉपला २५६ झेपत नव्हतं, आवाज चुलीतल्या ओल्या लाकडासारखा तडतडायचा. १०२४ ठेवलं तर साधारण २३ मिलिसेकंद उशीर. मला झोप लागेना. मग एका रात्री हिशेब केला: तेवढ्या वेळात आवाज हवेतून जेमतेम ८ मीटर जातो. आमचा मांडव त्याच्या दुप्पट लांब, आणि आमचं खरं गिऱ्हाईक तर त्याच्याही पलीकडे माडाखाली ग्लास लपवून उभं असतं. झोपलो.

गाणी शोधणं हा वेगळाच त्रास. म्हापशाच्या मित्राच्या गाण्यांना नाव, गायक, वर्ष, सूर, सगळं. माझ्याकडे गाणी व्हॉट्सॲपवरून येतात, त्यांची नावं 'एयूडी', मग तारीख, मग 'डब्ल्यूए ०००७'. अशी अकराशे. शिवाय गायकाच्या जागी, ते गाणं ज्या ठिकाणाहून उचललं त्याचं नाव. बाबांची पद्धत मात्र पक्की होती. दोनशे पानी वही, त्यात गाणी गायकाप्रमाणे नाहीत, वाडीप्रमाणे आणि घराप्रमाणे: 'खालचीवाडी, चौथा घर. म्हाताऱ्याक नाट्यगीत लागता. लावल्याशिवाय बिल देणा नाय.' 'वरचीवाडी, तिठ्यावरचा घर. भावाभावांत कज्जो. भावाचा गाणा नको.' दोन ओळींखाली: 'कज्जो मिटलो. लावूक हरकत नाय.' आणि त्याखाली वेगळ्या शाईत: 'परत नको.'

ही वही ज्याच्यात मावेल ते सॉफ्टवेअर, असं मी ठरवलं. रोज पन्नास गाणी याप्रमाणे मी 'शेरा' या रकान्यात वही उतरवली. मिक्समध्ये शोधायला 'कज्जो' लिहिलं की तेवीस गाणी येतात. तेवीस! गाव लहान आहे.

मिक्स हे नाव मूळ लिपीत शेवटी तीन फुल्या घालून लिहितात. आईनं त्या पडद्यावर बघितल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

नमुना-बटणांचीही परीक्षा झाली. गावकरांच्या गाऱ्हाण्यातलं सगळ्यांचं 'व्हय म्हाराजा' मी टिपून एका बटणावर ठेवलं होतं, की पालखीच्या वेळी चार माणसं कमी असली तरी भरघोस वाटावं. तेव्हा मी दुसरंच एक सॉफ्टवेअर तपासत होतो आणि त्यात ते बटण एकदाच वाजण्याऐवजी फिरत राहण्यावर ठेवलं गेलं, चूक माझीच. गावकरांनी एक वाक्य म्हटलं, मी बटण दाबलं. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. इतका पाठिंबा त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता. त्यांनी गाऱ्हाण्यात आधी रस्ता घातला, मग नळयोजना, मग जावयाची बदली.

एवढं सगळं झालं तरी बाबांचा एकच प्रश्न होता आणि तो जूनपासून होता. "लाइट गेल्यार गाणा खय थांबता?"

कॅसेट जिथल्या तिथे थांबायची. जाताना गायक एकदा कण्हायचा, लाइट आली की पुन्हा एकदा कण्हून पुढचा शब्द म्हणायचा. लोक मधल्या वेळात तसेच हात वर करून उभे. लॅपटॉपला मात्र स्वतःची बॅटरी, आणि माझा कंट्रोलर यूएसबीतून त्याचीच वीज पितो. बाहेर बेस मेले, टॉप मेले, बल्ब गेले, या दोघांना पत्ताच नाही. अंधारात गाणं मुक्यानं पुढे जात राहतं. जनरेटरची दोरी ओढून होईपर्यंत नवरीच्या मामांचं गाणं संपलेलं असतं, आणि मामा म्हणतात ते लागलंच नाही.

ऑकलंड, बर्लिन, कुठेही यावर बटण नाही. बहुतेक त्यांच्याकडे लाइट जात नाही. मिक्समध्ये कंट्रोलरचं वागणं आपल्याला जावास्क्रिप्टमध्ये लिहिता येतं हे वाचून मी पंधरा दिवस तेही केलं. शेवटी बहिणीच्या मुलाला स्टुलावर बसवलं. काम एकच, मांडवातल्या बल्बकडे बघायचं, गेला की थांबवायचं बटण दाबायचं. रात्रीचे शंभर रुपये आणि एक वडा. हा जोड कुठल्याही सॉफ्टवेअरला बसतो.

तर मिक्स ठरलं. गाण्यातून गायिकेचा आवाज चालू गाण्यातच वेगळा काढायची नवी सोय इतरांकडे आहे, ती यात नाही. त्यामुळे वहिनींना मूळ गायिकेच्या आवाजावरच गावं लागतं, आणि त्याबद्दल अजून कुणी तक्रार केलेली नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि पहिली हळद आली. नऊ पन्नासला लाइट गेली. भाच्यानं बटण दाबलं. जनरेटर सुरू झाला तेव्हा नऊ अठ्ठावन्न. गाणं नेमकं त्याच शब्दावर सुरू झालं आणि बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पण मामांचं गाणं अजून २ मिनिटं ४० सेकंद बाकी होतं, आणि दहानंतर कर्णा नाही हा २००० सालचा नियम तोंडपाठ असलेले पोलीसपाटील घड्याळ बघत दाराशी उभे होते. एकशेसाठ सेकंदांचं गाणं एकशेवीसमध्ये बसवायचं. लयीची पट्टी साधारण वर-खाली ८ टक्के जाते, पण मिक्समध्ये ती ९० पर्यंत वाढवता येते. मी वाढवली, सूर बांधून ठेवला, आणि पट्टी तेहतीसवर नेली. मांडव उडाला. म्हातारी माणसं खुर्च्या धरून बसली, हळद भिंतीपर्यंत गेली, मामा नाचता नाचता माझ्याकडे हात जोडत होते, कशासाठी ते कळलं नाही. दहाच्या ठोक्याला गाणं संपलं.

माझे डोळे अजून पडद्यावरच होते. पोरांनी वायरी गुंडाळायला घेतल्या. मागून बाबांनी विचारलं, "टेम्पो खय असा?"

"तेहतीसवर," मी म्हणालो.

बाबा बॅटरी घेऊन गेले. पंधरा मिनिटांनी धापा टाकत परत आले आणि म्हणाले, "थय नाय."