व्हेनिसच्या कोसळत्या मनोऱ्याचा तो फोटो खरा नाही

सान मार्को चौकातला घंटामनोरा कोसळतानाचा म्हणून एक कृष्णधवल फोटो पुन्हा फिरतोय. मनोरा मधोमध दुभंगलाय, विटा हवेत उडताहेत. हा फोटो बनावट आहे. डार्करूममध्ये जोडाजोड करून तो तयार केला आणि पोस्टकार्डांवर धडाक्यात विकला. म्हणजे हा उद्योग आजच्या एआयचा नव्हे!

मनोरा पडला मात्र खरोखरच, 14 जुलै 1902 ला सकाळी. भिंतीला तडे गेलेले दिसले होते, म्हणून चौक आधीच रिकामा केला होता आणि एकही माणूस दगावला नाही. रखवालदाराची मांजर तेवढी गेली, असं सांगतात. पायथ्याशी असलेली लोजेत्ता, म्हणजे वास्तुकार सान्सोविनोची छोटी कमानदार इमारत, चिरडली. तिचे तुकडे वेचून ती पुन्हा उभी केली. पाच घंटांपैकी 'मारांगोना' एवढी एकच शाबूत राहिली.

फोटोखाली 'हजार वर्षांचा मनोरा आजही दिमाखात उभा' असंही लिहिलंय. तेही चूक. आज दिसतो तो मनोरा 25 एप्रिल 1912 ला खुला झाला. रूप जुनंच, जागाही तीच. बांधकाम विसाव्या शतकातलं. वर जायला लिफ्टसुद्धा आहे.