खाजकुयलीला आग लावू नका

पावसाळा सरत आला की गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘तीन पानांची वेल म्हणजे खाजकुयली. पानाला हात लागला तरी खाज सुटते. दिसेल तिथे पेटवा. बिया मात्र भाजून खा, ताकद येते.’ यातलं एकही वाक्य धड नाही.

तीन पानं घोडवेलीला असतात, पळसवेलीलाही असतात. पण त्या वर्षानुवर्षं टिकणाऱ्या, जाड खोडाच्या वेली. खाजकुयली पावसात बीपासून उगवते आणि उन्हाळ्याच्या आत वाळते. तिचं मधलं पान दोन्ही बाजूंनी सारखं, कडेची दोन एका अंगाला फुगीर. फुलं गर्द जांभळी, लोंबत्या घोसात. वाळली की काळी पडतात. शेंग बोटाएवढी, दोन्ही टोकांना उलटसुलट वाकलेली, वर तांबूस मखमल. बी काळी असो की चितकबरी, तिच्या डोळ्याभोवती, म्हणजे ती शेंगेला चिकटलेली असते त्या जागेभोवती, पांढरी उठावदार कड असते. वावराच्या धुऱ्यावर, नाल्याकाठी, बोरी-बाभळीवर चढलेली पाहा. मेळघाट, गडचिरोलीकडे रानाच्या कडेला.

खाज पानात नाही. ती शेंगेवरच्या आणि फुलाच्या देठाकडच्या पेल्यावरच्या केसांत आहे. केस कातडीत रुततात आणि त्यातलं म्यूकुनेन नावाचं विकर (एन्झाइम) अंगाची आग करतं. म्हणून फुलं यायच्या आधी, ऑगस्टमध्येच, वेल मुळासकट उपटा. बी पडलंच नाही तर पुढच्या वर्षी वेली कमी. जुनं बी मातीत असतं, त्यामुळे दोन-तीन पावसाळे फेरी मारावी लागते.

पेटवणं सगळ्यात वाईट. वाळल्या शेंगेचे केस गरम हवेबरोबर उडतात आणि वाऱ्याच्या दिशेला असलेल्यांच्या डोळ्या-नाकात जातात. वेलीला शेंगा लागल्याच असतील तर पहाटे दव असताना, किंवा पाणी शिंपडून, लांब दांड्याच्या विळ्याने तोडा आणि खड्ड्यात पुरा. पूर्ण बाह्या, चष्मा, तोंडाला फडकं हवंच.

केस लागले तर चोळू नका, आणखी रुततात. चिकटपट्टी दाबून ओढा, मग साबणाने धुवा. डोळ्यात गेले तर भरपूर पाण्याने धुवून दवाखाना गाठा.

बियांत एल-डोपा असतं, कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) गोळ्यांत असतं तेच. नुसतं भाजून ते जात नाही. 1989 मध्ये आफ्रिकेतल्या मोझांबिकच्या नांपुला प्रांतात या बिया खाऊन दोनशेवर माणसं भ्रमिष्ट होऊन दवाखान्यात आली; एरवी तिथे बिया पुन्हा पुन्हा उकळून पाणी फेकतात, त्या वर्षी पाणीटंचाईत ते झालं नव्हतं. वैद्य बी दुधात शिजवून, साल काढून, मोजून देतात. कंपवाताच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका.