क्लीनर साईड

मंगळवारी संध्याकाळी मी आमच्या ट्रकवरच्या एका 23 वर्षांच्या ड्रायव्हर पोराला फोन करून सांगितलं, उद्यापासून गाडीवर येऊ नकोस. निर्णय शेठचा, फोन माझा. आमच्याकडे बोनस शेठ स्वतःच्या हाताने वाटतो आणि असले फोन सुपरवायझरला करायला लावतो.

पोराने वाद घातला नाही. "बरं मामा," म्हणाला. मग जरा थांबून, "चावी कुणाकडं देऊ?" वॉचमनकडे दे म्हटलं. दुसऱ्या दिवशी गाडी बघायला गेलो तर केबिन झाडून ठेवलेली, डॅशबोर्ड पुसलेला, आणि सीटच्या मागे त्याची चादर घडी घालून राहिलेली. ती चादर अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

काढलं कशासाठी? तीन महिन्यांत तीनदा रिव्हर्सला गाडी लागली. माणूस सोडा, कुत्र्यालाही धक्का नाही. पुढे चालवताना एक ओरखडा नाही. तिन्ही वेळा मागे घेताना, आणि तिन्ही वेळा क्लीनर साईडला, म्हणजे डावीकडे.

पहिली मानकोलीत. भिवंडीची गोडाऊनं ज्यांनी रात्री बघितलीत त्यांना त्या गल्ल्या माहीत आहेत. पाऊस, रात्रीचे अडीच, दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या. गोडाऊनच्या वॉचमनने शटर वर केलं आणि खुर्चीत जाऊन बसला. गाडी 32 फुटी बंद कंटेनर. मागे काच नाही, मागचं दाखवणारे फक्त दोन आरसे. डावा आरसा तुमच्यापासून सात-आठ फूट लांब, त्यावर पावसाचे थेंब, त्यात मागच्या गाडीच्या हेडलाईटची चमक. आरसा बाजू दाखवतो. अंतर किती राहिलं ते सांगत नाही, आणि वर तर बघतच नाही. शेडचा पत्रा हातभर पुढे आलेला होता. कंटेनरचा वरचा डावा कोपरा पन्हळीला लागला, पन्हळ खाली आणि पत्रा वाकडा. 3,200 रुपये.

दुसरी चाकणला, एका कारखान्यात. डॉकला (माल चढवायच्या-उतरवायच्या फलाटाला) लावताना डाव्या खांबाचा पिवळा-काळा पाईप वाकला. त्या कंपनीने भाड्यातून 4,700 कापले आणि वर मेल पाठवला की हा ड्रायव्हर परत आमच्या गेटवर नको. तिसरी कसाऱ्याच्या अलीकडे ढाब्यावर. जेवून निघताना मागे उभ्या आयशर ट्रकचा हेडलाईट फुटला. आयशरवाल्याने जागेवर 1,500 घेतले आणि विषय मिटवला. शेठने मात्र मिटवला नाही.

एकूण 9,400. तेही त्याच्याच पगारातून दोन हप्त्यांत कापून घेतले. म्हणजे नुकसानही त्यानेच भरलं आणि नोकरीही त्याचीच गेली.

पोराची चूक नव्हती असं मी म्हणत नाही. ढाब्यावर तरी त्याने खाली उतरून एकदा मागे फेरी मारायला हवी होती. मी विचारलं तर म्हणाला, "मामा, सकाळपासून उतरचढ करून पाय बोलायला लागले होते." आळस म्हणा, थकवा म्हणा. पण गाडीमालकांना माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

गाडीच्या डाव्या बाजूला आपण सगळे काय म्हणतो? क्लीनर साईड. गॅरेजवाला म्हणतो, पंक्चरवाला म्हणतो, शेठसुद्धा म्हणतो, "क्लीनर साईडचा टायर बघ रे." त्या साईडला क्लीनर, म्हणजे ड्रायव्हरचा मदतनीस, शेवटचा कधी बसला होता?

आमच्याकडे लॉकडाऊनमध्ये क्लीनर गावी गेले ते परत बोलावलेच नाहीत. शेठचा हिशेब कागदावर चोख होता, हे मान्य करतो. बंद कंटेनरला ताडपत्री नाही, रस्सा नाही. पूर्वी टोलनाक्यावर क्लीनर उडी मारून पावती आणायचा, फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग सक्तीचा झाला. रस्ता विचारायला उतरायचा, आता मोबाइल सांगतो. मग क्लीनरला पगार कशाचा? आमच्या 14 गाड्या. एका क्लीनरचे 9,000 धरले तरी महिन्याला 1,26,000 रुपये वाचतात. पोराने तीन महिन्यांत केलेलं नुकसान 9,400. हा दुसरा हिशेब मी शेठसमोर मांडला. तो म्हणाला, "तू ड्रायव्हर लोकांचा पुढारी कधीपासून झालास?"

क्लीनरची दोन कामं कुठल्याच यंत्राने घेतली नव्हती. पहाटे तीनला ड्रायव्हरशी बोलत राहणं, आणि गाडी मागे घेताना मागे उभं राहणं. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... डावं काप... सरळ कर... बास!" आणि बॉडीवर थाप. त्या थापेवर विश्वास ठेवून आम्ही अंधारात, नदीकाठी, दरीच्या तोंडाशी गाड्या मागे घेतल्यात. एसटीचं बघा. स्टँडवर बस मागे घ्यायची तर कंडक्टर खाली उतरून शिट्टी वाजवणार. ती शिट्टी कुणाला फालतू खर्च वाटली नाही. (आता विनावाहक गाड्यांत तीही गेली, तो वेगळा विषय.)

आणि तिसरं काम कुणी मोजतच नाही. ती डावी सीट ड्रायव्हर घडवायची शाळा होती.

मी 1998 ला सहा टायरच्या टाटावर क्लीनर म्हणून लागलो. वस्ताद कऱ्हाडकडचे. दोन वर्षं मला हायवेवर स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. पण मार्केट यार्डात, गोडाऊनच्या आवारात, रांगेत गाडी पुढे-मागे करायची असली की किल्ली माझ्याकडे. म्हणजे आमची पिढी रिव्हर्स आधी शिकली, टॉप गिअर नंतर. आजचा पोरगा उलटा येतो. कार शिकतो, वर्षभर ते लायसन्स वापरतो, मग हेवीचं काढतो, आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या हातात 32 फूट. नाशिक हायवे त्याला जमतो, हायवेला काय लागतं? शेवटच्या 20 फुटांत तो उघडा पडतो.

माझी पहिली ठोकर पुण्यात, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात. साल 1999, कोल्हापूरचा गूळ भरलेला. मागे घेताना हमालाची हातगाडी चाकाखाली गेली, तिचा एक दांडा मोडला. हमाल अंगावर आला. वस्तादांनी आधी त्याला 200 रुपये दिले, मग माझ्या कानाखाली एक वाजवली, आणि म्हणाले, "बस वर. परत मागं घे." दहा वेळा घ्यायला लावली. पुढे नेऊन परत मागे, पुढे नेऊन परत मागे. सगळा यार्ड बघून हसत होता. दहाव्या वेळी वस्ताद मागून बाजूला झाले आणि "आता तुझं तू" म्हणाले. ती थप्पड आज कुणी खाऊ नये, पण ती दहा वेळची संधी मला हेवा वाटावा अशी होती. या पोराला एकदाही कुणी "परत मागं घे" म्हणालं नाही. मीसुद्धा नाही. मी फक्त नुकसानीचा फॉर्म भरला.

पोरगा आष्टी तालुक्यातला. आईबाप ऊसतोडीला जातात. तो सोळाव्या वर्षापासून ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून फडात वावरलाय. ज्यांनी ट्रॉली मागे घेऊन बघितली आहे त्यांना कळेल हे काय प्रकरण असतं. स्टेअरिंग डावीकडे वळवलं की ट्रॉली उजवीकडे पळते. एक ट्रॉली जोडून तो वजनकाट्यावर सरळ रेषेत लावायचा. मग इथे पन्हळ कशी लागली? मी त्याला हेच विचारलं होतं. म्हणाला, "तिकडं मागं बाप उभा असायचा."

यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

कारखान्यांचंही एक सांगतो. जेव्हा आमच्याकडे क्लीनर होते तेव्हासुद्धा अनेक ठिकाणी त्यांना गेटवर थांबवायचे. आत फक्त ड्रायव्हर. का, तर सेफ्टी! आत बूट तपासतात, हेल्मेट तपासतात, चाकाला ठोकळा लावायला लावतात, चावी जमा करून घेतात. हे सगळं योग्यच. मग जिथे खरोखर ठोकर बसते त्या डॉकवर गाडी मागे घेताना एक माणूस उभा करायला काय जातं? चाकणला त्या वेळी तिथे सुपरवायझर हजर होता. त्याने पाईप वाकलेला लगेच पाहिला, फोटो काढला. म्हणजे डोळे होते. वाकायच्या आधी तोंड उघडलं नाही.

माझ्या मेहुण्याची चार मीटरची कार आहे. मागे भिंत आली की टीं टीं करते. जुलै 2019 पासूनच्या प्रत्येक नव्या कारला मागचा सेन्सर कायद्याने लागतो. आमची ही गाडी 2017 ची. तिला मागे सेन्सर नाही, कॅमेरा नाही, आणि आता माणूसही नाही. 2025 मध्ये नव्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची केली, चांगलं झालं, उन्हाळ्यात केबिनमध्ये काय होतं ते आमचं आम्हाला माहीत. पण त्या थंड केबिनमधली डावी सीट रिकामीच राहणार ना?

अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांचे व्हिडिओ मी रात्री बघत बसतो (बायको म्हणते दिवसभर ट्रक पुरत नाहीत का). तिथेही नव्या पोरांचा घात बहुतेक मागे घेतानाच होतो, आणि तिथेही चार-दोन ठोकरींत नारळ मिळतो. पण निदान फेब्रुवारी 2022 पासून नव्या हेवी ड्रायव्हरला नोंदणी असलेल्या संस्थेत प्रशिक्षण घेतल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, आणि त्यात सरळ मागे घेणं, कोनातून डॉकला लावणं हे वेगळं शिकवतात. मी हेवीच्या परीक्षेला गेलो तेव्हा साहेबाने मैदानात एक फेरी मारायला लावली आणि उतर म्हणाला.

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. माल उतरवणाऱ्या हमालांसाठी 1969 चा माथाडी कायदा आहे, मंडळ आहे. अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी आयुष्य वेचलं, हमालांनी तो लढून मिळवला. मोटार वाहतूक कामगारांसाठी तर त्याच्याही आधी, 1961 ला कायदा झाला. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, तोवर पाच किंवा जास्त कामगार असतील तिथे तो लागू होता: दिवसाला आठ तास, आठवड्याला 48. आठ तास! आमच्या ड्रायव्हरला हे वाचून दाखवलं तर तो विचारेल, आठ तास कशाचे, लोडिंगच्या रांगेतले का?

जानेवारी 2024 मध्ये, ठोकून पळाल्यास दहा वर्षं शिक्षेच्या कलमावरून ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या तेव्हा पेट्रोलपंपावर रांगा लागल्या आणि दोन दिवस सगळ्यांना ड्रायव्हर आठवला. तिसऱ्या दिवशी विसरले. तेव्हा निदान प्रश्न माणसांच्या जिवाचा होता. इथे प्रश्न पन्हळीचा आहे, त्याला कोण विचारतो?

शेठ वाईट माणूस नाही, हेही लिहायला पाहिजे. तो स्वतः गाडी चालवत वर आलाय. भाड्यात काही उरत नाही, डिझेल, टायर, हप्ते, आणि वर त्या कंपनीचा मेल. त्याला ती कंपनी सोडवत नाही, म्हणून त्याने पोराला सोडलं. पण शेठ, तुम्ही स्वतः शिकलात तेव्हा डाव्या सीटवर बसूनच शिकलात. ती सीट तुम्हीच काढलीत. आता "हल्लीच्या पोरांना रिव्हर्स येत नाही" हे तुम्ही तरी म्हणू नका. (तुम्ही फेसबुकवर नाही म्हणून लिहितोय. कुणी स्क्रीनशॉट दाखवला तर दाखवा.)

त्याच्या जागी काल नवा माणूस आला. वय 49, अनुभव 24 वर्षं. रात्री मानकोलीत त्याच शटरसमोर गाडी तिरकी करून उभी केली, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि पहिला प्रश्न विचारला, "क्लीनर साईडला कोन हाय?" वॉचमनने खुर्चीतून माझ्याकडे बघितलं. मी बॅटरी घेऊन उतरलो आणि मागे जाऊन उभा राहिलो. बऱ्याच वर्षांनी "येऊ दे, येऊ दे" ओरडलो. नवी पन्हळ अजून चकचकीत आहे.

पोरगा सध्या गावी आहे. हेवीचं लायसन्स आहे, सुपारीचंही व्यसन नाही, गाडी पोटच्या पोरासारखी पुसतो, हायवेला मी त्याच्या शेजारी डोळे मिटून झोपेन. कुणाच्या गाडीवर जागा असेल तर मला इनबॉक्स करा. आणि गाडीवर क्लीनर असेल तर आधी तेवढं कळवा, पोरगा पगार थोडा कमी घेईल.