मणक्यातील पाणी आणि मेंदूज्वराचा तो संदेश

मेंदूज्वराविषयीचा एक लांबलचक संदेश गेल्या आठवड्यात भंडाऱ्यात राहणाऱ्या माझ्या बहिणीपर्यंत पोहोचला. तो मला पाठवताना तिने खाली एवढेच विचारले, "दादा, बाळाला ती लस द्यायची की नाही?" संदेशात पाच दावे आहेत: मेंदूज्वर हा लिचीमुळे होणारा आजार आहे, त्याची लस चिनी आहे, तो फक्त डुकरे पाळणाऱ्या वस्त्यांत होतो, आकडी आली की कांदा हुंगवावा, आणि मूल रुग्णालयात न्यावेच लागले तर मणक्यातील पाणी काढू देऊ नये, कारण त्याने ते कायमचे पांगळे होते. या शेवटच्या दाव्याने मुले दगावू शकतात, म्हणून आधी तोच घेतो.

ताप, आकडी, असंबद्ध बडबड आणि गुंगी ही लक्षणे जपानी मेंदूज्वराच्या विषाणूने दिसतात, तशीच चांदीपुरा विषाणूने, ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूने, स्क्रब टायफस या बारीक किड्यांच्या चाव्यातून होणाऱ्या जिवाणूजन्य तापाने आणि क्षयानेही दिसतात. यांपैकी पहिल्या दोघांवर नेमके औषध नाही. उरलेल्या तिघांवर आहे, आणि कोणाशी गाठ पडली आहे हे ठरवण्यात मणक्यातील पाण्याच्या तपासणीचा वाटा फार मोठा असतो. हर्पीसचेच पाहा. औषधाविना त्या मेंदूज्वराचे दहापैकी सात रुग्ण दगावत असत. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अ‍ॅसायक्लोव्हिर हे औषध मिळालेल्यांत प्रमाण २८ टक्क्यांवर आले, आणि शुद्ध हरपण्याआधी ज्यांचे उपचार सुरू झाले त्यांना सर्वाधिक लाभ झाला. घरात घासाघीस करण्यात गेलेली रात्र कुठून वजा होते, हे यावरून समजावे.

सुई कमरेच्या खालच्या भागात, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्याही खाली, दोन मणक्यांच्या फटीत जाते. माझ्या भाच्याच्या वेळी मी शेजारी उभा होतो: परिचारिकेने त्याला कुशीवर घेऊन गुडघे पोटाशी दुमडून धरले होते, छोट्या नळ्यांत थेंब थेंब पाणी पडत होते, आणि शेवटी कमरेवर एक चिकटपट्टी तेवढी उरली. नंतर काहींचे डोके दुखते, हे खरे. मेंदूवरील दाब फार वाढल्याची शंका असेल तर डॉक्टर स्वतःच थांबतात आणि आधी स्कॅन करतात, हेही खरे. पांगळेपण मात्र आजारातून येते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार जपानी मेंदूज्वरातून वाचलेल्यांपैकी २० ते ३० टक्के रुग्णांना कायमचे मज्जासंस्थेचे दोष राहतात. खापर सुईवर फुटते, कारण घरच्यांना दिसलेली असते ती सुईच.

कांद्याविषयी फार लिहिण्याजोगे नाही. बहुतेक आकड्या काही मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय हुंगवलेल्या कांद्याला जाते. मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये आणि गाडी बोलवावी. नागपूरजवळच्या ज्या गावावरून १९६५ साली चांदीपुरा विषाणूला नाव मिळाले, तिथून भंडारा काही लांब नाही. २००३ साली आंध्र प्रदेशातील त्याच्या साथीत ३२९ मुले आजारी पडून १८३ दगावली, आणि बहुतेक मृत्यू दाखल केल्यापासून एका दिवसाच्या आत झाले.

लिचीच्या दाव्यात तथ्याचा अंश आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. बिहारमधील मुझफ्फरपूरच्या २०१४ च्या साथीचा अभ्यास 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०१७ साली आला. लिचीतील विषारी घटक आणि रात्रीचे न जेवणे यांमुळे कुपोषित मुलांची साखर धोकादायकरीत्या उतरत होती. पण तो प्रकार विषाणूजन्य मेंदूज्वराहून वेगळा आहे, आणि धानाच्या बांध्यांनी वेढलेल्या गावाला डासांपासून निश्चिंत राहण्याची मुभा तो देत नाही. क्युलेक्स डास त्या बांध्यांतच वाढतो, विषाणू बगळ्यांकडूनही उचलतो आणि चावताना घरात डुकरे आहेत का, याची चौकशी करत नाही.

लस चिनी? भारताने २००६ साली जपानी मेंदूज्वराविरुद्ध लसीकरणाची मोहीम सुरू केली ती चीनमध्ये विकसित झालेल्या लसीनेच. पुढे २०१३ साली कर्नाटकातील कोलारच्या विषाणूपासून भारतात बनवलेली लसही आली. डासाला यातील कशाचेच सोयरसुतक नाही.

बहिणीला मी लिहिले, की लस द्यायची: पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, गोवर-रुबेलाच्या लसीबरोबरच, आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. पहिली मात्रा गुरुवारी झाली. संदेश पाठवणाऱ्या मामांना तिने अद्याप काही कळवलेले नाही.