कानाचं मशीन लावा, पण डिमेन्शियाच्या धाकाने नको

ज्येष्ठ मंडळींच्या आणि त्यांच्या मुलांच्या ग्रुपवर एक संदेश सतत फिरत असतो. त्यात म्हटलेलं असतं ते थोडक्यात असं : ऐकू कमी येणाऱ्यांना डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका पाचपट असतो. ऐकू न येणं हेच डिमेन्शियाचं सर्वांत मोठं कारण आहे. कानाचं मशीन लावलं की धोका ४८ टक्क्यांनी घटतो, हे सिद्ध झालंय. मशीन न लावणाऱ्याचा मेंदू आकसत जातो आणि गेलेलं परत येत नाही. म्हणून साठी ओलांडलेल्या प्रत्येकाने आजच मशीन घ्यावं.

यातले आकडे कोणी हवेतून काढलेले नाहीत. संदेशात आधाराला घेतलेली ‘लॅन्सेट’ हे वैद्यकीय नियतकालिक आणि अमेरिकेतलं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ ही नावंही खरी आहेत. त्यामुळेच या संदेशाला ‘अफवा आहे’ एवढं म्हणून सोडून देता येत नाही, एकेक मुद्दा घ्यावा लागतो. त्याआधी माझी बाजू सांगतो. ज्याला ऐकू कमी येतं त्याने मशीन लावावं आणि होईल तितक्या लवकर लावावं, असंच माझं ठाम मत आहे. पण ते नीट ऐकू यावं म्हणून. डिमेन्शिया टळेल अशी हमी देऊन ते कोणाच्या कानात बसवू नये, कारण आजच्या घडीला अशी हमी देण्याइतका पुरावा कोणाकडेच नाही.

“धोका पाचपट असतो.”

हा आकडा २०११ सालच्या एका अभ्यासातला आहे. जॉन्स हॉपकिन्सचे डॉ. फ्रँक लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत बाल्टिमोर इथे वर्षानुवर्षं चाललेल्या एका पाहणीतल्या ६३९ जणांच्या नोंदी तपासल्या. सुरुवातीला यांपैकी कोणालाच डिमेन्शिया नव्हता. पुढे सरासरी बारा वर्षांच्या काळात ५८ जणांना तो झाला. ज्यांचा श्रवणदोष सौम्य होता त्यांच्यात धोका जवळपास दुप्पट दिसला, मध्यम असणाऱ्यांत तिप्पट आणि तीव्र असणाऱ्यांत पाचपट. आता त्या तीव्र गटात माणसं किती होती ते पाहा : सहा. सहा माणसांवरून निघालेला आकडा आज जगभर फिरतो आहे. संशोधकांनी काही लपवलं नव्हतं, गटांची संख्या त्यांनी स्वतःच दिली होती. पुढे पाठवणाऱ्यांनी ती गाळली.

ऐकणं आणि डिमेन्शिया यांच्यात नातं आहे, हे मात्र नंतरच्या पुष्कळ अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं. फक्त मोठ्या संख्येत ते बरंच सौम्य निघालं. डेन्मार्कमध्ये पन्नाशीपुढच्या ५ लाख ७३ हजार लोकांच्या नोंदींवरून केलेला अभ्यास २०२४ साली आला. त्यात श्रवणदोष असलेल्यांमध्ये धोका ७ टक्क्यांनी जास्त आढळला. सात टक्के आणि पाचपट यांत केवढं अंतर आहे!

“ऐकू न येणं हेच सर्वांत मोठं कारण.”

डिमेन्शियाचा सर्वांत मोठा धोका वय हाच आहे आणि वयावर इलाज नाही. ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने विचार केला तो ज्यांबाबत काही करता येईल अशा घटकांचा. २०२४ च्या अहवालात असे १४ घटक आहेत : कमी शिक्षण, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, नैराश्य, व्यायामाचा अभाव, डोक्याला मार, एकटेपणा, हवेचं प्रदूषण, दृष्टिदोष वगैरे. हे सगळे मिळून डिमेन्शियाच्या एकूण रुग्णांपैकी ४५ टक्के भरतात, त्यात श्रवणदोषाचा वाटा ७ टक्के. वाईट कोलेस्टेरॉलचा वाटाही तेवढाच धरला आहे. २०१७ च्या अहवालात श्रवणदोषाचा हाच वाटा ९ टक्के होता, २०२० मध्ये ८. या यादीत तो वरच्या जागेवर आहे हे खरं, पण ‘सर्वांत मोठं कारण’ आणि ‘बदलता येण्याजोग्या घटकांपैकी एक मोठा घटक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवाय हे ७ टक्के संपूर्ण लोकसंख्येचे आहेत. श्रवणदोष हे खरोखर कारण असेल आणि तो साऱ्या समाजातून नाहीसा करता आला, तर डिमेन्शियाच्या एकूण रुग्णांत एवढी घट होईल, असा तो अंदाज आहे. तुमच्या वडिलांना किती धोका आहे हे त्यावरून ठरत नाही.

“मशीनने धोका ४८ टक्क्यांनी घटतो, हे सिद्ध झालंय.”

सगळ्यात जास्त फिरतो तो हा मुद्दा. हा आकडा ‘अचीव्ह’ नावाच्या चाचणीतून आला. तिचे निष्कर्ष जुलै २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. चाचणी उत्तम होती. ७० ते ८४ वयाचे ९७७ जण, सगळ्यांना सौम्य ते मध्यम श्रवणदोष, आणि तोवर कोणीच त्यावर उपचार घेतलेले नव्हते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला मशीन आणि ऑडिओलॉजिस्टचं (श्रवणतज्ज्ञाचं) मार्गदर्शन मिळालं, दुसऱ्याला निरोगी म्हातारपणाबद्दलची सत्रं. तीन वर्षांनी दोन्ही गटांची स्मरणशक्ती, भाषा, एकाग्रता यांची तुलना केली. चाचणी ज्या प्रश्नासाठी केली होती त्याचं उत्तर : दोन गटांत लक्षणीय फरक नाही.

मग ४८ टक्के आले कुठून? या ९७७ पैकी २३८ जण हृदयविकाराच्या एका जुन्या, दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासातले होते. उरलेले ७३९ जण आवाहन वाचून आलेले, तुलनेने धडधाकट स्वयंसेवक होते. ते २३८ जण वयाने मोठे होते, त्यांच्यात रक्तदाब, मधुमेह यांसारखे धोके जास्त होते आणि त्यांच्या स्मरणशक्ती वगैरेंची घसरणही बरीच जलद होती. त्या गटात मशीन मिळालेल्यांची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. धडधाकट गटात काहीच फरक पडला नाही.

म्हणजे संदेशातलं वाक्य दोन ठिकाणी चुकतं. हा परिणाम सगळ्यांवर दिसला नाही, एका पोटगटात दिसला. आणि मोजलं होतं ते चाचण्यांतल्या गुणांच्या घसरणीचा वेग, डिमेन्शियाचं निदान नव्हे. तरीही मी हा निष्कर्ष झटकून टाकणार नाही. दोन गट वेगवेगळे तपासायचे हे आधीच ठरलेलं होतं, निकाल पाहून मागाहून शोधलेली ही पळवाट नाही. ज्याची घसरण मुळातच मंद आहे, त्याच्यात तीन वर्षांत फरक दिसणं अवघडच. म्हणून ज्यांना आधीच इतर धोके आहेत अशा ज्येष्ठांसाठी ही आशेची बातमी आहे, असं मी मानतो. आशेच्या बातमीला ‘सिद्ध झालंय’ म्हटलं की पुढे एखादा निकाल विरुद्ध गेल्यावर लोकांचा मशीनवरचाच विश्वास उडतो, आणि मला भीती आहे ती त्याची.

काही ठिकाणी याच संदेशाला आणखी एक आकडा जोडलेला असतो : मशीन न वापरणाऱ्यांना धोका ४२ टक्के जास्त. हा ब्रिटनच्या बायोबँक या आरोग्यविषयक माहितीच्या मोठ्या साठ्यातल्या सुमारे ४ लाख ३७ हजार लोकांच्या माहितीवर आधारलेल्या, २०२३ सालच्या शोधनिबंधातला. तो निबंध त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मागे घेण्यात आला. संगणकावरच्या विश्लेषणात झालेल्या चुकीमुळे मशीन वापरणारे आणि न वापरणारे या दोन गटांची आकडेवारीच उलटसुलट झाली होती. चूक लक्षात आल्यावर निबंध रीतसर रद्द झाला, आकडा मात्र अजून फिरतोच आहे. तुमच्याकडे आला तर तिथेच थांबवा.

अशा निव्वळ नोंदींवरच्या अभ्यासांत दुसरीही एक अडचण असते. मशीन वापरतं कोण? तपासणीला जाणारा, ते परवडणारा, लहानशी बॅटरी बदलू शकणारा, मशीन कुठे ठेवलंय हे लक्षात राहणारा. ज्याची स्मृती आधीच हळूहळू ढासळू लागली आहे, त्याचं मशीन टेबलाच्या खणात पडून राहतं. काही वर्षांनी त्याला डिमेन्शियाचं निदान झालं की नोंदीत दिसतं ते असं : मशीन वापरलं नाही, डिमेन्शिया झाला. प्रत्यक्षात क्रम उलटाही असू शकतो. वर सांगितलेल्या डेन्मार्कच्या अभ्यासात श्रवणदोष नसलेल्यांच्या तुलनेत मशीन न वापरणाऱ्यांचा धोका २० टक्क्यांनी आणि वापरणाऱ्यांचा ६ टक्क्यांनी जास्त दिसला. ते वाचतानाही हे ध्यानात ठेवावं लागतं.

“मशीन न लावल्यास मेंदू आकसतो, आणि गेलेलं परत येत नाही.”

मेंदूच्या स्कॅनमध्ये श्रवणदोष असलेल्या काही ज्येष्ठांत आवाजाशी संबंधित भाग जास्त वेगाने आकसलेला दिसतो, हे खरं आहे. ते कशामुळे, यावर तीन-चार विचार आहेत. अर्धवट ऐकू आलेलं वाक्य जुळवण्यातच मेंदूची शक्ती खर्ची पडते आणि लक्षात ठेवायला ती उरत नाही. किंवा माणूस बोलण्याचालण्यातून बाजूला पडत जातो आणि एकटेपणा नुकसान करतो. किंवा कानाचे आणि मेंदूचे दोन्हींचे बिघाड एकाच मुळातून येतात, उदाहरणार्थ खराब झालेल्या बारीक रक्तवाहिन्यांतून. हे शेवटचं खरं असेल, तर मशीन लावून मेंदूचं दुखणं थांबणार नाही. बहुधा या सगळ्यांचं थोडंथोडं मिश्रण असावं. ‘मशीन नाही म्हणून मेंदू आकसला’ इतकी सरळ रेषा कोणी दाखवून दिलेली नाही.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती संदेशात कुठेच नसते. स्मृतीच्या बऱ्याच चाचण्या तोंडी घेतल्या जातात. तपासणारा काही शब्द सांगतो आणि थोड्या वेळाने ते परत विचारतो. वयामुळे येणाऱ्या श्रवणदोषात आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स्वरांना जोर असतो, ते ऐकू येतात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ सारखे हलके ध्वनी निसटतात. ‘सात’चा ‘हात’ होतो, ‘साप’चा ‘ताप’. म्हणूनच ही माणसं म्हणतात, “ऐकू येतंय, पण काय बोलतोस ते कळत नाही.” अशा माणसाने चाचणीत ‘सात’ऐवजी ‘हात’ सांगितलं तर गुण जातात, आणि घरी येताना हातात विस्मरणाचा शेरा असतो. घरातल्यांना स्मृतीची शंका आली असेल तर आधी कान तपासून घ्या, आणि स्मृतीची चाचणी मशीन लावूनच द्यायला सांगा.

‘गेलेलं परत येत नाही’ या वाक्याने होणारं नुकसान मला सगळ्यात जास्त खुपतं. जिच्या आईला आज डिमेन्शिया आहे, त्या मुलीने हे वाचून काय समजायचं? मशीन घ्यायला उशीर केला म्हणून आपणच हे ओढवलं? असं म्हणायला कोणताही आधार नाही. आणि ज्याला नुकतंच ऐकू कमी येऊ लागलंय, तो हे वाचून तपासणीला धावत जाईल असं नाही. ‘मला कमी ऐकू येतं’ याचा अर्थ ‘माझी बुद्धी चालली’ असा लावला जाणार असेल, तर माणूस ते लपवेल. न कळता मान डोलावेल, सगळे हसले की हसेल, फोन दुसऱ्याच्या हातात देईल.

“साठीनंतर प्रत्येकाने आजच मशीन घ्यावं.”

नाही. ज्याचं ऐकणं ठीक आहे त्याला मशीनचा उपयोग नाही. कमी ऐकू येतंय असं वाटलं तर आधी कान डॉक्टरला दाखवा. कधी साधा मळ असतो, कधी पडद्याचा दोष. एका कानाने अचानक, एकदोन दिवसांत ऐकू येणं बंद झालं तर मात्र थांबू नका. तो तातडीचा आजार आहे, उपचार लवकर झाले तरच ऐकणं परत येण्याची आशा असते.

नंतर ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख. कोणत्या पट्टीचे आवाज किती गेलेत ते त्यात दिसतं आणि मशीन त्यानुसार जुळवलं जातं. सगळेच आवाज सारखे वाढवणारं स्वस्त यंत्र लावलं तर भांड्यांचा खणखणाट कानात घुसतो आणि बोलणं तसंच अस्पष्ट राहतं. तिथेच बरीच माणसं कायमची वैतागतात. नीट जुळवलेलं मशीनही पहिले काही आठवडे त्रासदायक वाटतं. स्वतःचा आवाज घुमतो, कागदाची सळसळ मोठी वाटते, कारण कित्येक वर्षं न ऐकलेले आवाज मेंदूपर्यंत पुन्हा पोचू लागलेले असतात. सुरुवात शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना करा, मग वेळ वाढवा. खुपणारे आवाज कागदावर लिहून ठेवा आणि ती यादी घेऊन पहिल्या महिन्यातच ऑडिओलॉजिस्टकडे परत जा. जुळवणी एका भेटीत क्वचितच पुरी होते.

आणि डिमेन्शिया झालेला असला, तरी ऐकू कमी येत असेल तर मशीनचा विचार जरूर करा. त्याने आजार मागे फिरणार नाही, पण समोरचा काय म्हणतोय ते कळलं तर गोंधळ आणि चिडचिड कमी व्हायला मदत होऊ शकते. बॅटरी बदलणं, रात्री काढून ठेवणं, सकाळी लावणं हे काम मात्र घरातल्या एका ठरलेल्या माणसाने अंगावर घ्यावं लागतं.