रिक वाउटर्सने शस्त्रक्रिया नाकारली नव्हती

गेल्या आठवड्यात मामींनी मला एक लांबलचक मेसेज पाठवला आणि खाली एवढेच लिहिले : "हे खरे आहे का रे? मामा ऑपरेशन नको म्हणतायत." मामांना तोंडाचा कर्करोग आहे आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली आहे. अशा वेळी नात्यातल्या कुणीतरी घरच्या ग्रुपवर ही 'प्रेरणादायी कथा' टाकली. बेल्जियमचा रिक वाउटर्स हा कुठेही न शिकलेला चित्रकार आणि शिल्पकार होता, त्याचे एकही काम हयातीत विकले गेले नाही, बायको वेडी होती आणि तिचाच वेडाचा झटका त्याने पुतळ्यात उतरवला, महायुद्धात गोळी लागून त्याचा एक डोळा गेला, पुढे कर्करोग झाला तेव्हा त्याने चाकू लावून घ्यायला नकार दिला आणि केवळ रंगांच्या बळावर तो पूर्ण बरा झाला, असे तिच्यात लिहिले आहे. मी चित्रकला शिकवतो आणि वाउटर्सचे काम अनेक वर्षे पाहत आलो आहे. तरीही हा मेसेज दुसऱ्या कुणाकडे आला असता, तर मी कदाचित उत्तर द्यायच्या भानगडीत पडलो नसतो.

शेवटचा दावा आधी घेतो, कारण माणसाच्या जिवावर बेतू शकेल असा तोच आहे. वाउटर्स बरा झाला नाही. ११ जुलै १९१६ रोजी ॲमस्टरडॅममध्ये तो जबड्याच्या कर्करोगाने वारला, तेव्हा त्याला चौतिसावे वर्ष चालू होते. आणि त्याने शस्त्रक्रिया नाकारली तर नाहीच, एकापाठोपाठ एक अशा अनेक शस्त्रक्रिया करून घेतल्या. त्याचा डोळा गेला तो या आजारातच. गोळीचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. १९१४ च्या ऑगस्टमध्ये तो सैन्यात दाखल झाला आणि बेल्जियमचे अँटवर्प शहर जर्मनांच्या हाती पडल्यावर सीमा ओलांडून तटस्थ नेदरलँड्समध्ये गेला. तिथे त्याला आधी आमर्सफोर्टच्या आणि नंतर झाइस्टच्या छावणीत नजरकैदेत ठेवले गेले. छावणीत त्याची डोकेदुखी असह्य होत गेली, म्हणून त्याला उपचारांसाठी बाहेर सोडण्यात आले आणि पत्नीसह ॲमस्टरडॅममध्ये राहण्याची परवानगी मिळाली. ज्यांना माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा नसेल त्यांनी अँटवर्पच्या शाही ललित कला संग्रहालयातले त्याचे १९१५ चे आत्मचित्र पाहावे. त्यात गेलेल्या डोळ्यावर काळी पट्टी आहे आणि उरलेला डोळा सरळ आपल्याकडे पाहतो. उपचारांना पाठ फिरवलेल्या माणसाचे हे चित्र नाही. उपचार घेत असतानाच ब्रश हातात धरणाऱ्याचे ते आहे.

मेसेज लिहिणाऱ्याने नेमकी हीच गोष्ट उलटी केली, याचा मला मनापासून संताप येतो.

दुसरा संताप त्याच्या पत्नीविषयी लिहिलेल्या मजकुराचा. हेलेन ड्युरिंक्स, म्हणजे नेल, वेडी नव्हती. तिला फुप्फुसाचा क्षय होता आणि तिला मोकळी हवा मिळावी म्हणून हे जोडपे ब्रुसेल्सच्या कडेला, जंगलालगतच्या ब्वाफॉरला राहायला गेले होते. ज्या पुतळ्याचा मेसेजमध्ये उल्लेख आहे तो १९१२ चा आहे. एक नग्न स्त्री एका पायावर तोल सांभाळून उभी आहे, दुसरा पाय हवेत उडालेला, हात फेकलेले, सगळे शरीर आनंदाने उसळलेले. ब्राँझवर मातीच्या गोळ्यांचे ठसे तसेच खडबडीत ठेवले आहेत, त्यामुळे उजेड एका जागी ठरत नाही आणि पुतळा क्षणभरही स्थिर वाटत नाही. त्याची कल्पना वाउटर्सला इझाडोरा डंकनचे नृत्य पाहून सुचली आणि मॉडेल म्हणून नेल उभी राहिली. अशा अवघड पवित्र्यात तिला किती वेळ तिष्ठावे लागले असेल, याचा विचार पुतळा पाहताना दर वेळी मनात येतो. पुतळ्याच्या डच नावाचा अर्थ खुळा, अनावर आवेश असा होतो, तर 'वेडी कुमारिका' हे फ्रेंच नाव बायबलच्या शुभवर्तमानातल्या निर्बुद्ध कुमारिकांच्या दाखल्यावरून आलेले आहे. त्यातला 'वेडी' एवढाच शब्द उचलून एका आजारी बाईच्या डोक्याला चिकटवला गेला. वाउटर्सच्या चित्रांत नेल इस्त्री करताना दिसते, आजारपणात पांढरी शाल लपेटून बसलेली दिसते. तो गेल्यावर त्याच्या आयुष्याच्या आठवणी तिनेच लिहून ठेवल्या, आणि आज त्याच्याविषयी जे कळते त्यातले बरेचसे तिच्यामुळे कळते.

'कुठेही शिकला नाही' हे तर सरळ चूक आहे. मेखेलेनमध्ये वडिलांच्या फर्निचरच्या कारखान्यात तो बाराव्या वर्षापासून लाकडावर कोरीवकाम करत होता, नंतर तिथल्या कला अकादमीत शिकला आणि पुढे ब्रुसेल्सच्या अकादमीत शार्ल व्हान डर स्टापेन यांच्या हाताखाली शिल्पकला शिकला. रंगकाम मात्र त्याने बरेचसे स्वतःच्या हिमतीवर आत्मसात केले, एवढे मी मान्य करतो.

हयातीत एकही काम विकले गेले नाही, या दाव्यामागे जी गरिबी सुचवली आहे तिच्यात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने कबूल करावे लागते. सुरुवातीच्या वर्षांत कॅनव्हास परवडत नसल्याने तो पुठ्ठ्यावर रंगवत असे. पण १९१२ मध्ये ब्रुसेल्सच्या जॉर्ज जिरू गॅलरीने त्याच्याशी करार केला, त्या पैशातून तो पॅरिसला जाऊन फ्रेंच चित्रकार सेझानची चित्रे पाहून आला, १९१४ मध्ये त्याच गॅलरीत त्याचे स्वतंत्र प्रदर्शन झाले आणि १९१६ च्या सुरुवातीला, तो आजारी असतानाच, ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयातही झाले. अशा माणसाला हयातीत कुणी विचारलेच नाही, असे म्हणता येत नाही.

हे सगळे मी मामींना फोनवर सांगितले. मग मामांनीच फोन घेतला आणि विचारले, "म्हणजे ऑपरेशन करूनही तो गेलाच ना?" या प्रश्नाला मला उत्तर द्यायचे होते आणि खोटे बोलायचे नव्हते. मी म्हणालो, "हो मामा, गेला. पण ते १९१६ साल होते, तुमच्यासारखे स्कॅन आणि आजची औषधे त्याच्या वाट्याला आली नव्हती, आणि तरीही तो टेबलावर गेला." बराच वेळ ते काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "ते पट्टीवाले चित्र पाठव मला." मी लगेच पाठवले.